डोळे दोरीवर!

"नाक नको! नाक नको! डोळे दोरीवर!"

त्या काळी रविवारी संध्याकाळी मुलुंड पूर्वेच्या मिठागरांकडे फिरायला गेलेल्या कोणालाही ही आरोळी ऐकू आली असेल. आवाजाच्या दिशेने बघावं तर बांधावर एक तिपाई, तिच्यावर पेटीएवढा लाकडी कॅमेरा, त्यावर काळं कापड आणि कापडाखालून बाहेर आलेले पांढऱ्या पँटचे दोन पाय. समोर दहा पावलांवर एखादं अख्खं कुटुंब जमिनीवर ताणलेल्या सुतळीवर वाकून उभं. खाली विहीर असावी आणि तिच्यात कोणाची तरी घागर पडली असावी, असे चेहरे.

ते दोन पाय आमच्या ऑफिसातले होते.

भांडुपच्या एका कारखान्यात मी टेलिफोनच्या बोर्डावर होते आणि ते ड्रॉइंग ऑफिसात. ते मला कधी नावाने हाक मारत नसत. "काय एक्सचेंज, लाइन मोकळी आहे का?" असं म्हणत दारातून डोकवायचे. खिशात घडीची फूटपट्टी कायम असायची. चहाचा कप टेबलाच्या कडेपासून किती इंचावर ठेवला आहे हे ते मोजत, असं कँटीनवाला शपथेवर सांगायचा. मागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "निदान सरळ आहे," एवढंच ते म्हणत.

गिरगावातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, तिथून त्यांनी तो कॅमेरा उचलून आणला होता. त्याला पितळेचं एकच भिंग. पोर्ट्रेटचं. एका माणसाला खुर्चीत बसवून त्याचा चेहरा काढावा यासाठी केलेलं. पण एकट्या माणसाचा फोटो काढायचा म्हटलं की यांच्या कपाळावर आठी. "एकट्याचा काय काढायचा? त्याच्या घरचे कुठे आहेत?" असं म्हणून त्यांनी ते भिंग उघड्यावर नेऊन कुटुंबांवर रोखलं. भिंगाला ते 'काकी' म्हणत.

"एक्सचेंज, काकीचा स्वभाव समजून घे. काकी एका वेळी एकाच रांगेवर माया करते. रांगेतल्या माणसाची पापणीसुद्धा मोजून देईल. एक पाऊल पुढे गेलीस की तू परकी. मागे गेलीस तरी परकी."

"मग भोक लहान करा ना तिचं. आमच्या आळीतला स्टुडिओवाला म्हणतो, भोक लहान केलं की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी काकीला मंगळसूत्र मोडायला सांगितलं होतं.

"सगळं स्पष्ट येतं! मागची बाभूळ येते, बाभळीवरचा कावळा येतो, कावळ्यामागचा विजेचा खांब येतो. सगळे कुटुंबात सामील! मला फक्त घरची माणसं हवीत. बाकीच्या जगानं विरघळायचं."

म्हणून ती सुतळी. दोन खुंट्या ठोकून ते ती ताणत आणि प्रत्येकाचे डोळे बरोबर तिच्यावर आणत. पाय नव्हे, पोट नव्हे, डोळे. "पोटं माणसागणिक वेगळी असतात. पोटावर रांग धरली तर कुटुंब फसतं." हे तपासायला त्यांच्याकडे गवंड्याचा ओळंबा होता. भल्या भल्या हेडक्लार्कांच्या भुवईपासून त्यांनी तो खाली सोडलेला मी पाहिला आहे. हेडक्लार्क श्वास रोखून उभे, आणि हे खाली बसून म्हणतात, "साहेब, तुम्ही अर्धा इंच परदेशात आहात."

मिठागरच का, तर उजेडासाठी. सावली माणसाच्या दुप्पट लांब झाली की त्यांची वेळ सुरू. कुटुंबाच्या पाठीशी सूर्य, म्हणजे कोणी डोळे मिचकावत नाही आणि केसांना सोनेरी कड येते. पण मग चेहरे काळे पडणार! त्यासाठी समोर, कॅमेऱ्याच्या पाठीमागे, मिठाची पांढरीशुभ्र रास. सूर्य राशीवर पडायचा आणि तिथून परत येऊन चेहऱ्यांवर, हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत शिरायचा. "हे बघ, सरकारनं मला फुकटात केवढा आरसा ठेवलाय," असं म्हणत ते राशीला नमस्कार करत.

हसा, असं मात्र ते कोणालाही सांगत नसत. काळ्या कापडाखाली काचेवर चित्र उलटं दिसतं, डोकी खाली आणि पाय वर. तसं अख्खं कुटुंब उलटं पाहून घ्यायचं, काकीची माया बरोबर रांगेवर बसवायची, मग कापडातून बाहेर यायचं, मागे प्लेट सरकवायची, रबरी फुगा हातात घ्यायचा आणि एकदम ओरडायचं, "तुमच्याकडे आमटीत मीठ जास्त कोण टाकतं?"

सगळ्या माना एका माणसाकडे वळायच्या. तो माणूस "मी?" असा चेहरा करायचा. फुस्स! फुगा दाबलेला. ते फोटो पाहिलेत तर तुम्हाला कळेल, घर म्हणजे काय असतं ते.

आता या सगळ्या शास्त्रात एक गोम होती. ती त्यांना तीन वर्षं सापडली नाही. मला पाच मिनिटांत सापडली, याचा अभिमान मी अजून बाळगून आहे.

एके दिवशी ते बोर्डावर आले ते हातात फोटोंचा गठ्ठा घेऊन. चेहरा पडलेला. "एक्सचेंज, काकी म्हातारी झाली. बघ. हे कुटुंब, सगळे लख्ख, एक बाई धूसर. हे दुसरं, दोन बायका धूसर. हे तिसरं..." मी फोटो एकेक करून टेबलावर मांडले. बोर्डावर दोन दिवे लुकलुकत होते, त्यांना लुकलुकू दिलं.

"या सगळ्या सुना आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"अहो, सून सासऱ्याच्या रांगेत उभी राहते का? तुम्ही ओळंबा लावता तोवर बिचारी राहते. तुम्ही 'तयार' म्हणालात की तिचं पाऊल आपोआप मागे जातं. तिला स्वतःलाही कळत नसेल."

ते खुर्चीत बसले. माझ्या खुर्चीत. "माझ्या भिंगाला सासरा कळत नाही गं," असं इतक्या दुःखाने म्हणाले की मला हसू आवरेना.

त्यानंतर त्यांनी सुनांच्या टाचांमागे विटा लावून पाहिल्या, बाभळीची फांदी टाकून पाहिली. सुना विटेवर चढून मागे गेल्या. फक्त एका ठिकाणी उलट झालं. आमच्या कँटीनला मासळी द्यायला मनोरीच्या एक कोळीणबाई यायच्या. त्यांच्या कुटुंबाचा फोटो काढायला हे मार्व्याहून तरीच्या होडीत बसून, कॅमेरा मांडीवर घेऊन गेले. तिथे सुतळी ताणली तर ती बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दोरी कशाला रं? आमाला काय पलून जायाचं हाय?" आणि ती, तिच्या दोन सुना आणि लेक अशा चौघी सुतळी ओलांडून थेट काकीसमोर. हे मागे सरकले, त्या पुढे आल्या. हे आणखी मागे, त्या आणखी पुढे. शेवटी तिपाईचा एक पाय समुद्रात गेला. ऑफिसात येऊन सांगितलं, "आयुष्यात पहिल्यांदा नवरे धूसर आले!" आणि आनंदाने टेबलावर फूटपट्टी वाजवली.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं. कारण त्याच उन्हाळ्यात आमच्या घरी एक गोष्ट ठरली होती.

माझे सासरे गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. त्या चैत्रात ते निवृत्त झाले आणि सासूबाईंना घेऊन कायमचे गावी निघाले, मालवणकडे. बोटीची तिकिटं निघाली होती. सामान बांधताना मी जुने फोटो काढले आणि माझ्या लक्षात आलं की सासूबाई एकाही फोटोत नाहीत. म्हणजे आहेत. मोठ्या दिरांच्या लग्नात सासऱ्यांच्या टोपीमागे अर्धा कान आहे. माझ्या लग्नात एक कोपर आहे, बांगड्यांवरून ओळखू येणारं. पूजेच्या फोटोत पदराचं टोक. चाळीस वर्षांच्या संसारातला एकही चेहरा नाही. सासरे मुंबईत आणि त्या गावी, अशी त्यातली बरीच वर्षं गेलेली. आता गेल्या की त्या पुन्हा मुंबईला येणार नव्हत्या, हे त्याही जाणून होत्या आणि मीही. मला त्यांचा चेहरा हवा होता. पापणी मोजता येईल असा.

मी ड्रॉइंग ऑफिसात जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

"किती प्लेटा आहेत?" मी विचारलं.

"चार. पुढचा माल यायला महिना आहे."

"बोट मंगळवारी आहे."

"मग रविवार. सावली दुप्पट झाली की," ते म्हणाले आणि मला पहिल्यांदाच नमस्कार केला, लढाईला निघालेल्या सरदारासारखा.

रविवारी आम्ही सहा जण बांधावर. सासरे पांढऱ्या टोपीत, खांबासारखे ताठ. त्यांच्या डाव्या हाताला सासूबाई, ठेवणीतलं नऊवारी आणि नथ. मग दीर, जाऊबाई, माझे यजमान आणि मी. ओळंबा सगळ्यांच्या भुवयांवरून फिरला. सासूबाईंनी तो डोळे मिटून सोसला, देवीला कौल लावत असावेत तसा.

"तयार!"

पायाखाली मीठ कुरकुरलं. सासूबाई अर्धं पाऊल मागे गेल्या. आता सासूच्या रांगेत सून कशी उभी राहील? म्हणून जाऊबाई एक पाऊल मागे. आणि मी धाकटी, मी दीड पाऊल मागे! इतकं सगळं ठाऊक असून! पाय माझे, पण गेले ते आपल्या अकलेने. पुरुष रांगेवर आणि आम्ही तिघी त्यांच्यामागे जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. फुगा मात्र दाबला गेला होता.

"गेली एक प्लेट," आवाज आला.

दुसऱ्या वेळी ते 'तयार' म्हणालेच नाहीत. एकदम ओरडले, "आमटीत मीठ जास्त कोण टाकतं?" सगळे सासूबाईंकडे वळले. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि अख्खं एक पाऊल मागे घेतलं. फुस्स.

तिसऱ्या वेळी मिठागराच्या खोपटातून दोन स्टुलं आली. सासरे आणि सासूबाई शेजारी बसवले. आता कुठे जाते म्हणावं! सासूबाईंनी बसल्या बसल्या दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि ते सरकवत मागे नेलं. मिठात दोन लांब रेघा उमटल्या.

हे कॅमेऱ्यापासून चालत आले आणि सासऱ्यांसमोर उभे राहिले. "बाबा, तुम्हीच एक पाऊल मागे या. मग त्या आपसूक रांगेत येतील."

"मी मागे?" सासऱ्यांची मान आणखी ताठ झाली. "तीस वर्सा गिरणीत काढलंय, कोणाच्या मागे उभो रवाक नाय."

एक प्लेट उरली होती. सावली दुपटीच्या पुढे गेली होती. माझे डोळे भरून आले, तेही काकीच्या आधीच धूसर. सासूबाई हळूच म्हणाल्या, "जांव दे गो. माझो फोटू कित्याक व्हयो?"

आमचे फोटोवाले मात्र खाली बसून मिठातल्या खुणांकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून फूटपट्टी काढून काहीतरी मोजलं. स्टुलं हलवली, सगळ्यांना आधीसारखं उभं केलं आणि सुतळी सोडून गुंडाळली. "आता दोरी नको. फक्त उजेड मोजतो," असं म्हणून त्यांनी आपली छत्री सासूबाईंच्या पाठीमागे मिठात उभी रोवली, परत जाऊन कापडाखाली शिरले, बराच वेळ राहिले, मग येऊन छत्री काढून घेतली. जाता जाता माझ्याजवळ थांबून पुटपुटले, "एक्सचेंज, तुझ्या सासूची टाच दोनदा मागे गेली, दोन्ही वेळा आधी मिठातल्या एकाच खड्ड्यात टेकली, दोरीपासून दीड फूट. काकी आता तिथे बसलीय. तू आणि तुझी जाऊ सासूच्या पुढेही नको, मागेही नको. कळलं?"

कळलं! सासूच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, सासऱ्यांच्या देखत!

"तयार!"

मीठ कुरकुरलं. सासूबाई अर्धं पाऊल मागे. मी जाऊबाईंचा दंड पकडून त्यांना सासूबाईंच्या रांगेत खेचलं आणि स्वतः तिथेच रुतून उभी राहिले. जाऊबाई "अगं, अगं" म्हणाल्या. सासूबाईंनी मान किंचित वळवली. दोन्ही सुना आपल्या बरोबरीला, हे त्यांना दिसलं. मला वाटलं आता त्या आणखी मागे जाणार आणि सगळं संपणार. पण त्या गेल्या नाहीत. समोर बघून ओठांच्या कोपऱ्यात, फक्त कोपऱ्यात, हसल्या.

फुस्स.

सोमवारी संध्याकाळी ऑफिस सुटताना त्यांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. "घरी जाऊन उघड. आणि म्हातारा रागावला तर माझं नाव सांग, मी येऊन शिव्या खाईन."

घरी बांधलेल्या ट्रंकांवर सगळे बसले होते. सासऱ्यांनी फोटो घेतला. चष्मा काढून पुसला, परत लावला. मग फोटो धोतराने पुसला.

फोटोत तीन बायका होत्या. नथीतला प्रत्येक मोती मोजून घ्यावा. सासूबाईंच्या हनुवटीवरचा तीळ, कपाळावरच्या आडव्या रेघा, आणि ते कोपऱ्यातलं हसू. आणि त्यांच्यापुढे तीन पुरुष सकाळच्या धुक्यासारखे विरघळलेले. एका धुक्यावर टोपी होती.

"मी खंय आसंय?" सासऱ्यांनी विचारलं.

माझे यजमान खिडकीबाहेर बघायला लागले. दीर ट्रंकेची कडी तपासायला लागले. मी पुढे होऊन बोट ठेवलं. "हे तुम्ही. सगळ्यात पुढे."

आता ते ओरडणार, असं मला वाटलं. पण त्यांचं बोट माझ्या बोटापासून मागे सरकलं आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर थांबलं. "ह्यो तीळ कधीचो?"

"जल्माचो," सासूबाई म्हणाल्या. "तुमी बघूक नाय, त्याक मी काय करू?"

मग त्यांनी स्वतः फोटो हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "आवशीसारखी दिसतंय मी."

मंगळवारी बोटीवर चढताना सगळ्या ट्रंका हमालाच्या डोक्यावर होत्या. फोटो सासऱ्यांनी टॉवेलात गुंडाळून काखेत धरला होता.

बुधवारी ते बोर्डाच्या खोलीच्या दारात आले. "रागावला?"

"नाही."

"आणि आजी काय म्हणाल्या?"

"आपल्या आईसारखी दिसते म्हणाल्या," मी सांगितलं. त्यांनी खिशातली फूटपट्टी काढली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बोर्डावर दिवा लुकलुकायला लागला. "लाइन घे, लाइन घे," असं म्हणत घाईने निघून गेले. त्यांचे पाय दाराच्या चौकटीला आपटल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या माणसाचा अंदाज इंचाने चुकत नसे.

पुढच्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो. फोटो ओटीवर, दारासमोरच लावलेला. शेजारचे एक गृहस्थ आले होते. सासरे हातातली काठी फोटोवर टेकवून सांगत होते, "ह्यो धुको दिसता मां? तो मी. माका फोटूवाल्यान मुद्दाम पुसलो. आणि ही बघ, ही आमची!"

गावी परका पुरुष ओटीवर आला की सासूबाई माजघरात जायच्या, हा त्यांचा जन्माचा रिवाज. गृहस्थांनी फोटोवरून नजर काढून घराकडे वळवली, खऱ्या चेहऱ्याशी ताडून बघायला. सासूबाई दारातच होत्या. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

पाय उंबऱ्याच्या रेषेवर होते. हलले नाहीत.

मी मनातल्या मनात फुगा दाबला.